आफ्रिकेची बातमी तिथल्या माणसांसकट छापा: मराठी संपादकांना खुलं पत्र

प्रति,
मराठी वृत्तपत्रं, वृत्तवाहिन्या आणि बातम्यांची संकेतस्थळं चालवणाऱ्या सर्व संपादकांस,

सप्रेम नमस्कार.

15 ऑक्टोबर 2025 रोजी सकाळी केरळमधल्या कूथाट्टुकुलम या गावात फिरायला निघालेले ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ चालता चालता कोसळले आणि गेले. आयुर्वेदिक उपचारांसाठी ते तिथे मुक्कामाला होते. त्यांचं नाव रायला ओडिंगा, केनियाचे माजी पंतप्रधान. त्या दिवशी मी जी जी मराठी संकेतस्थळं उघडली त्यांवर ही बातमी होती. हे आधीच सांगते, कारण तुम्ही आफ्रिकेचं काहीच छापत नाही असं माझं म्हणणं नाही. पण जी बातमी होती ती केरळची होती. उपचार कुठे चालू होते, झटका कधी आला, भारताच्या पंतप्रधानांनी शोक कसा व्यक्त केला, ओडिंगांच्या मुलीची दृष्टी केरळातल्याच उपचारांनी कशी सुधारली होती, एवढंच. ज्या माणसाचं पार्थिव दुसऱ्या दिवशी नैरोबीला उतरलं तेव्हा लोक विमानतळाच्या धावपट्टीच्या बाजूला घुसले, हातात झाडाच्या फांद्या घेऊन मैलोन्‌मैल त्याच्यामागे चालले, तो माणूस कोण होता, हे मात्र मराठी वाचकाला कळलंच नाही.

मी नैरोबीत जन्मले, वाढले. घरात मराठी, शेजारी गुजराती आणि किकुयू, बाजारात स्वाहिली, शाळेत इंग्रजी. आता लेस्टरला राहते. पासपोर्ट अजून केनियाचा आहे आणि तो मी सोडणार नाही. आशियाई वंशाच्या आमच्या समाजाला केनियाने 2017 साली देशातली 44वी जमात म्हणून मान्यता दिली, तेव्हा इथल्या स्वयंपाकघरात बसून मी रडले होते. सकाळी चहासोबत मी आधी नैरोबीची वर्तमानपत्रं वाचते, मग मराठी. या दोन वाचनांत एकाच जगाची दोन इतकी वेगळी चित्रं दिसतात, की तुम्हाला लिहिल्यावाचून राहवलं नाही.

ओडिंगांचंच घेते. केनियात त्यांना सगळे 'बाबा' म्हणत. 1982 च्या फसलेल्या लष्करी उठावानंतर त्यांना पकडलं आणि खटला न चालवता वर्षानुवर्षं कोठडीत ठेवलं. त्या काळात त्यांची आई वारली आणि ती बातमी त्यांच्या कानावर घालायला तुरुंगाने दोन महिने लावले. पाच वेळा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली, पाचही वेळा हरले. 2007 च्या डिसेंबरातल्या निवडणुकीच्या निकालावरून देश पेटला, हजाराहून जास्त माणसं मारली गेली, शेवटी कोफी अन्नान यांनी मध्यस्थी केली आणि त्यातून ओडिंगा पंतप्रधान झाले. 2017 साली हरल्यावर ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1 सप्टेंबरला सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांच्या न्यायालयाने राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकच रद्द केली. आफ्रिकेत असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. सत्तेवर असलेल्या राष्ट्राध्यक्षाचा विजय न्यायालयाने पुसून टाकला! जगाच्या पाठीवर अशी किती उदाहरणं आहेत? मतदान यंत्रांवर आणि निवडणूक आयोगावर रोज पानंच्या पानं लिहिणाऱ्या मराठी माध्यमांना ही हकीकत उपयोगाची नाही का?

आणि त्यांचं शेवटचं वर्षही सांगायला हवं, नुसती आरती नको. ज्या सरकारविरुद्ध तरुण पोरं रस्त्यावर मेली होती त्याच सरकारशी मार्च 2025 मध्ये ओडिंगांनी हातमिळवणी केली. माझी नैरोबीतली भाची त्यांच्यावर इतकी चिडली होती की घरात त्यांचं नाव काढू देत नव्हती. ते गेल्याचं कळलं तेव्हा तीच फांदी घेऊन रस्त्यावर उतरली. कासारानी स्टेडियममध्ये दर्शनाला लोटलेल्या गर्दीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यातही माणसं गेली. राग, प्रेम, संशय, कृतज्ञता हे सगळं एकाच गर्दीत होतं. इतकं गुंतागुंतीचं राजकारण समजायला मराठी वाचक पूर्ण समर्थ आहे. यशवंतराव, शरदराव, बाळासाहेब यांच्यावर आयुष्यभर वाद घालत आलेला हा वाचक आहे.

या बातमीतून एक वाट थेट आपल्या अंगणात येत होती, तीही कुणी धरली नाही. रायला यांचे वडील जारामोगी ओगिंगा ओडिंगा हे स्वतंत्र केनियाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष. त्यांचा सगळ्यात जवळचा सहकारी होता पिओ गामा पिंटो. मूळचा गोव्याचा, 1927 साली नैरोबीत जन्मलेला. शिक्षण भारतात, धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात. काही काळ मुंबईत नोकरी, गोवामुक्तीच्या चळवळीत उडी, मग परत नैरोबी. इंग्रज राजवटीविरुद्धच्या माऊ माऊ लढ्याला मदत केली म्हणून इंग्रजांनी 1954 मध्ये पकडलं आणि पाच वर्षं स्थानबद्ध ठेवलं. स्वातंत्र्यानंतर संसदेत गेला आणि जमिनी मूठभरांच्या घशात घालू नका म्हणून स्वतःच्याच सरकारशी भांडला. 24 फेब्रुवारी 1965 रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, घराच्या फाटकापाशी त्याला गोळ्या घातल्या. धाकटी मुलगी गाडीत मागे बसलेली होती. स्वतंत्र केनियातली ही पहिली राजकीय हत्या. पुढे ओगिंगा ओडिंगा सरकारातून बाहेर पडल्यावर उपराष्ट्राध्यक्ष झाले जोसेफ मुरुंबी, वडील गोव्याचे आणि आई मासाई. पिंटोच्या खुनाने मन उडालेला हा माणूस काही महिन्यांतच पद सोडून निघून गेला.

त्याच्याही आधीची गोष्ट साताऱ्याची आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींचे पुत्र आप्पासाहेब पंत 1948 साली पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला आले. आफ्रिकी मुलांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळवून दे, पुढे केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेल्या जोमो केन्याटांसारख्या नेत्यांशी बरोबरीच्या नात्याने वाग, हे त्यांनी इतक्या उघडपणे केलं की गोरे वसाहतवाले खवळले आणि इंग्रज सरकारने त्यांना परत बोलावण्यासाठी दिल्लीच्या मागे लकडा लावला. माऊ माऊ प्रकरणी इंग्रजांनी केन्याटांवर कापेंगुरिया या गावात खटला भरला तेव्हा बचावाच्या वकिलांत भारतातून आलेले दिवाण चमनलाल होते, नैरोबीचे फिट्झ डिसूझा होते. माझे आजोबा रेल्वेत कारकून होते. आमच्या घरात आप्पासाहेबांचं नाव घेताना आवाज खाली येई. आज नैरोबी विद्यापीठात गांधीजींच्या नावाची जी वास्तू आहे ती याच काळाची आठवण. औंधच्या संग्रहालयावर लेख छापताना यातलं काही कधी तुमच्या पानावर येतं का, हे मी शोधत असते.

आता तरुणांकडे येते, कारण खरी बातमी तिथे आहे.

जून 2024 मध्ये केनिया सरकारने वित्त विधेयक आणलं. पावावर 16 टक्के व्हॅट, गाड्यांवर दरवर्षी अडीच टक्के कर, बाळांच्या डायपरपासून सॅनिटरी पॅडपर्यंतच्या वस्तूंवर 'पर्यावरण शुल्क'. कर्जाचा डोंगर, नाणेनिधीच्या अटी आणि बेकार पोरं, अशी ती सगळी कोंडी. काही कर सरकारने मागे घेतले, बाकीचे रेटले. मग विशी-पंचविशीतल्या मुलामुलींनी काय केलं? त्यांनी ते विधेयक आधी वाचलं. तरुण वकिलांनी एकेक कलम सोपं करून सांगितलं, कुणी किकुयूत, कुणी लुओत, कुणी 'शेंग' या नैरोबीच्या रस्त्यावरच्या मिश्र बोलीत. खासदारांचे फोन नंबर फिरवले आणि 'आमच्या वतीने नाही म्हणा' असे हजारो निरोप पाठवले. राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांना 'झकायो' नाव पडलं, बायबलातल्या झाडावर चढलेल्या कर वसूल करणाऱ्याचं, आणि 'झकायो, खाली उतर' ही घोषणा झाली. नेता नाही, पक्ष नाही, जात-जमात नाही. ज्या देशात प्रत्येक निवडणूक जमातीच्या गणितावर लढली गेली, तिथे हे किती मोठं होतं ते आम्ही जुन्या पिढीचे लोक जाणतो.

25 जूनला संसदेने 195 विरुद्ध 106 मतांनी विधेयक मंजूर केलं आणि जमाव संसदेत शिरला. मी इथे कामावर होते. जेवणाच्या सुट्टीत फोन उघडला तर भाचीचे ध्वनिसंदेश होते. मागे फटफट आवाज, मध्येच राष्ट्रगीत, मग खोकला. तिने दंडावर पेनाने आईचा फोन नंबर लिहिला होता आणि त्याचा फोटो मला पाठवला होता, आईला नव्हे. दुसऱ्या दिवशी रुटोंनी विधेयकावर सही करणार नाही असं जाहीर केलं, दोन आठवड्यांनी जवळजवळ सगळं मंत्रिमंडळ घरी पाठवलं. पण तोवर माणसं गेली होती. त्या काही आठवड्यांतल्या आंदोलनात किमान 60 जण मेल्याची नोंद केनियाच्याच राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने केली, कित्येक जण उचलून नेले गेले. जखमींच्या उपचारांसाठी लोकांनी एम-पेसावरून पैसे जमा केले. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची ही सोय केनियात 2007 पासून आहे, भारतात यूपीआय येण्याच्या नऊ वर्षं आधीपासून.

वर्षभराने, जून 2025 मध्ये, अल्बर्ट ओज्वांग हा शिक्षक एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याविरुद्ध समाजमाध्यमावर लिहिल्याच्या आरोपावरून पकडला गेला आणि नैरोबीच्या पोलीस ठाण्यात मेला. त्याने भिंतीवर डोकं आपटून घेतलं, असं पोलीस म्हणाले. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी ते खोडून काढलं. कोठडीतले मृत्यू महाराष्ट्राला नवे नाहीत. परभणीची आठवण ताजी असलेल्या वाचकाला ओज्वांगची गोष्ट परकी वाटली असती? मला नाही वाटत.

सप्टेंबर 2025 मध्ये नेपाळात सरकार पडलं तेव्हा मराठी वाहिन्यांवर 'जेन झी' हा शब्द दिवसरात्र गाजला. चर्चेला बसलेल्या तज्ज्ञांनी श्रीलंका आणि बांगलादेशचे दाखले दिले. केनियाचं नाव मी तरी ऐकलं नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस मादागास्करमध्ये पाणी आणि वीज मिळत नाही म्हणून तरुण रस्त्यावर आले, ऑक्टोबरमध्ये लष्कराची एक तुकडी त्यांच्या बाजूला गेली आणि राष्ट्राध्यक्ष राजोएलिना यांना देश सोडून पळावं लागलं. सत्ता मात्र पोरांच्या हाती न येता एका कर्नलच्या हाती गेली. यावर मराठीत एक अग्रलेख तरी यायला हवा होता.

भारताचा थेट संबंध येतो तेव्हाही नजर भारतावरच राहते. नैरोबीचा जोमो केन्याटा विमानतळ तीस वर्षांसाठी अदाणी समूहाकडे देण्याचा प्रस्ताव जुलै 2024 मध्ये उघड झाला तो फ्रान्समध्ये शिकणाऱ्या नेल्सन अमेन्या या केनियन तरुणामुळे. त्याने कागदपत्रं समाजमाध्यमावर टाकली. परदेशात राहणाऱ्या एका विद्यार्थ्याने देशाच्या सरकारला उत्तर द्यायला भाग पाडलं! मग वकील संघटना आणि 'केनिया ह्यूमन राइट्स कमिशन' ही बिगरसरकारी संस्था न्यायालयात गेल्या, 9 सप्टेंबरला प्रस्तावाला स्थगिती मिळाली, दोन दिवसांनी विमानतळाच्या कामगारांनी संप केला. लोकांचे प्रश्न साधे होते. खुली निविदा का नाही? आमच्या नोकऱ्यांचं काय? कमावता विमानतळ दुसऱ्याच्या हाती का? अमेरिकेत समूहाच्या प्रमुखांवर आरोपपत्र आल्यावर, जे आरोप समूहाने फेटाळले, रुटोंनी 21 नोव्हेंबरला संसदेत हा व्यवहार आणि वीजवाहिन्यांचा करारही रद्द झाल्याचं सांगितलं. मराठीत मी जे वाचलं त्यात शेअर किती पडले ते होतं, विरोधक काय म्हणाले आणि सत्ताधारी काय म्हणाले ते होतं. केनियन माणूस त्यात कुठेच नव्हता. आपल्या देशाचा उद्योगपती जिथे गेला तिथल्या लोकांना त्याच्याबद्दल काय वाटतं, ही बातमी भारतीय वाचकासाठीच सगळ्यात महत्त्वाची असते.

सुदानबद्दल लिहिताना हात जड होतो. 15 एप्रिल 2023 रोजी खार्टूममध्ये लष्कर आणि आरएसएफ ही निमलष्करी फौज एकमेकांवर तुटून पडली. 'ऑपरेशन कावेरी'मध्ये सुमारे 3,800 भारतीय परत आणले गेले, त्या दिवसांत सुदान तुमच्या पहिल्या पानावर होता. आपली माणसं सुखरूप आली आणि बातमी बंद झाली. युद्ध चालूच राहिलं. सव्वा कोटीच्या घरात माणसं घरं सोडून निघाली, दारफूरमधल्या झमझमच्या विस्थापितांच्या छावणीत ऑगस्ट 2024 मध्ये दुष्काळ जाहीर झाला, आणि दीड वर्षाच्या वेढ्यानंतर 26 ऑक्टोबर 2025 रोजी अल फाशेर शहर आरएसएफच्या हाती पडून तिथे कत्तल झाली.

माझ्या ओळखीचे एक सुदानी गृहस्थ इथे रात्रपाळीला काम करतात. ते पुण्यात शिकले. सुदानी मुलं कित्येक दशकं पुण्यात शिकायला येत आली आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. मी मराठी म्हटल्यावर ते 'काय ताई, जेवलात का?' असं विचारतात. अल फाशेर पडलं त्या आठवड्यात त्यांची बहीण मुलांना घेऊन पायी तवीला गावाकडे निघाली होती आणि फोन लागत नव्हता. मला म्हणाले, 'ताई, पुण्याच्या पेपरात काही आलंय का बघा ना.' मी शोधलं. आलं होतं, एका कोपऱ्यात, परदेशी वृत्तसंस्थेचं जसंच्या तसं. ज्या शहरात त्यांनी तारुण्याची वर्षं काढली त्या शहरातल्या एकाही वार्ताहराने तिथेच राहणाऱ्या एखाद्या सुदानी विद्यार्थ्याला गाठून विचारलेलं मला सापडलं नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची मुख्य इमारत 'सुदान ब्लॉक' म्हणून ओळखली जाते. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ सुदानने एक लाख पौंड दिले होते, फाळणीनंतर त्यातले सत्तर हजार भारताच्या वाट्याला आले, त्यांतून ती उभी राहिली. सुदानची पहिली निवडणूक 1953 साली भरवून दिली ती आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी. पुण्याने सुदानची एवढी तरी विचारपूस ठेवायला हवी.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात पण कळकळीने. नालासोपारा, मीरा रोड, वसई किंवा गोव्याच्या किनारपट्टीवर अमली पदार्थांची धाड पडली की मथळ्यात 'नायजेरियन' येतं. कधी तो माणूस युगांडाचा निघतो, कधी आयव्हरी कोस्टचा. गुन्हा सिद्ध होण्याआधीच देश सिद्ध झालेला असतो. 2013 साली गोव्यात एका नायजेरियन तरुणाचा खून झाल्यावर तिथल्या एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कर्करोगाची उपमा दिली होती. ही भाषा हवेतून येत नाही, मथळे वाचून वाचून ती तोंडात बसते. मी लेस्टरमध्ये राहते. 1972 साली इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत हाकललं, तेव्हा इथल्या नगरपालिकेने युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, आमच्या शहरात येऊ नका म्हणून. ज्यांच्यासाठी ती जाहिरात होती ते लोक आज माझे शेजारी आहेत. एखाद्या समाजाबद्दल छापलेली एक ओळ किती वर्षं टोचत राहते, ते त्यांच्या घरी बसून ऐकलं आहे.

तुमच्या अडचणी मला कळतात. माणसं कमी, पानं कमी, वाहिनीला रोजचा टीआरपी. नैरोबीत किंवा लागोसमध्ये वार्ताहर नेमा असं मी म्हणत नाही. कार्यालयातल्या एका माणसाकडे आफ्रिका सोपवा. त्याला रोज लंडनच्या वृत्तसंस्थेऐवजी तिथलीच पत्रं वाचू द्या: नैरोबीचं 'नेशन', दक्षिण आफ्रिकेचं 'डेली मॅव्हरिक', नायजेरियाचं 'प्रीमियम टाइम्स', सुदानसाठी 'रेडिओ दबंगा'. 'द कॉन्टिनेन्ट' नावाचं साप्ताहिक तर 2020 पासून व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट येतं. मथळ्यात 'आफ्रिकेत' लिहिण्याआधी 54 देशांपैकी कोणता, ते लिहा. पुण्यामुंबईत शिकणाऱ्या, व्यापार करणाऱ्या, संसार थाटलेल्या आफ्रिकी माणसांना त्यांच्या देशाबद्दल विचारा, फक्त पोलीस ठाण्याच्या दारात नव्हे. आणि आमच्यासारखी माणसं आहेत. नैरोबीत महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतो. मराठीत लिहू शकणारे, स्वाहिली जाणणारे लोक तिथे आहेत. त्यांना मोदकांचे फोटो मागता तसा निवडणुकीवर लेखही मागा.

10 ऑगस्ट 2027 रोजी केनियात मतदान आहे. 2022 साली आम्हा परदेशस्थांना मोजक्या 12 देशांतच मत देता आलं, आणि ब्रिटनमध्ये त्यासाठी लंडन गाठावं लागलं. 2024 साली आम्ही सगळ्यांनी मिळून जवळपास पाच अब्ज डॉलर घरी पाठवले, तेवढा तरी आवाज आम्हाला हवा, हे भांडण आम्ही नैरोबीशी भांडतोच आहोत. तुमच्याकडे माझं मागणं निराळं आहे. त्या निवडणुकीच्या आधी महिनाभर तरी तुमचा एक वार्ताहर तिकडे पाठवा. मुंबईहून थेट विमान आहे, साडेपाच-सहा तासांचा प्रवास. भाचीची पिढी या वेळी मतदार म्हणून रांगेत उभी राहणार आहे. ती कुणाला मत देणार, कशासाठी देणार, पोलिसांना अजून घाबरते का, हे त्याने तिला मराठी वाचकांसाठी विचारावं. राहायची सोय, दुभाषा, मटाटूत, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसमध्ये, खिसा कसा सांभाळायचा याची शिकवणी, सगळं आम्ही करू. फक्त कधी येताय ते आधी कळवा, कारण ऑगस्टच्या आसपास नैरोबीत विमानाची तिकिटं महाग होतात.

आपली नम्र,
लेस्टरहून एक केनियन मराठी वाचक